फुकटचं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट : एकच किल्ली किती कुलपांना लावायची?

अर्धवट_ॲडमिन
नमस्कार मंडळी. गेल्या सोमवारी सकाळी आमचे आतले सातही सर्व्हर एकदम लाल झाले (सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, मुदत संपली आणि ब्राउझर सगळीकडे धोक्याचा इशारा देऊ लागला), म्हणून हा धागा.

आमचं एक डोमेन आहे, अमुक.कॉम म्हणू. बाहेर फक्त वेबसाइट. आत विकी, गिट, मॉनिटरिंग, बॅकअपचा कन्सोल, प्रिंटरचं पान वगैरे सात ठिकाणं, सगळी खासगी आयपीवर, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या पत्त्यांवर. पूर्वी सगळीकडे स्वतःच सही केलेली सर्टिफिकेटं होती. लोकांच्या बोटांना 'तरीही पुढे जा' दाबायची इतकी सवय लागली होती की खराखुरा हल्ला झाला असता तरी त्यांनी तेच दाबलं असतं. मग कळलं की लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेटं देणारी संस्था २०१८ पासून वाइल्डकार्डही (डोमेनखालच्या सगळ्या उपनावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) देते. मी *.अमुक.कॉम घेतलं आणि सातही ठिकाणी टाकलं. सगळं हिरवं. मी खूश.

रिन्यू करायचो हाताने. सर्टबॉट (सर्टिफिकेट काढून देणारा प्रोग्राम) मॅन्युअल मोडमध्ये चालवायचा, तो जी अक्षरांची माळ देईल ती डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीच्या) पॅनेलमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, म्हणून टाकायची, मग दोन फायली सात ठिकाणी कॉपी. 'मुदत संपतेय' अशी त्यांची मेल आली की कामाला लागायचं. त्या मेल जून २०२५ मध्ये बंद झाल्या. त्यानंतर दोनदा आठवणीने केलं, तिसऱ्यांदा विसरलो.

त्यात घाईघाईने नवीन काढायला गेलो तर पाच वेळा फेल, आणि वर 'तासाभराने या'. शेवटी दुपारी जमलं. कसं जमलं ते मलाही माहीत नाही.

तर प्रश्न : एकच सर्टिफिकेट सगळीकडे लावणं बरोबर आहे का? बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरवर हे आपोआप कसं करायचं? की सरळ विकत घेऊन वर्षभर शांत बसू?

रात्रपाळी
पाच वेळा का फेल झालं ते सांगतो. अमुक.कॉम आणि *.अमुक.कॉम दोन्ही एकत्र मागितलं होतंत ना?

अर्धवट_ॲडमिन
हो. तारांकनात मूळ नाव येत नाही हे एकदा ठेच लागून शिकलो होतो.

रात्रपाळी
मग झालं असं. दोन नावं म्हणजे दोन परीक्षा, ते नाव तुमचंच आहे हे सिद्ध करायच्या. पण दोन्हींची उत्तरपत्रिका एकाच जागी ठेवायची असते : _ॲक्मी-चॅलेंज.अमुक.कॉम. सर्टबॉट आधी एक माळ देतो, एंटर दाबलं की दुसरी देतो आणि खाली बजावतो की ही आधीच्या रेकॉर्डच्या *जोडीला* टाका, आधीचं काढू नका. तुम्ही पॅनेलमध्ये त्याच रेकॉर्डवर 'एडिट' दाबून पहिलीच्या जागी दुसरी टाकली असणार. एका नावाला दोन टीएक्सटी रेकॉर्ड चालतात, पण पॅनेल बघून तसं वाटत नाही.

दुपारी जमलं कारण तोवर वैतागून 'ॲड' दाबलं असेल :)

आणि असे प्रयोग खऱ्या सर्व्हरवर करू नका. त्यांचा स्टेजिंग सर्व्हर त्यासाठीच आहे. तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही, पण मर्यादा खूप सैल असतात. खऱ्या ठिकाणी एका नावासाठी तासाला पाच चुका झाल्या की दार बंद.

अर्धवट_ॲडमिन
दंडवत. अगदी 'एडिट'च दाबलं होतं.

जुनी_चावी
धागा उशिरा पाहिला. मोबाईलवरून टंकतेय, सांभाळून घ्या.

सोमवारचा गोंधळ ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट आहे. मला धास्ती वाटली ती 'दोन फायली सात ठिकाणी कॉपी' वाचून. त्यातली एक फाइल म्हणजे प्रायव्हेट की, सर्टिफिकेटची गुप्त किल्ली. सातांपैकी सर्वांत दुबळं कोण? बहुतेक प्रिंटर, नाहीतर पाच वर्षं अपडेट न केलेला विकी. तिथून की गेली की चोराला प्रिंटर होऊन काय करायचंय? तो गिट होऊन बसेल, बॅकअपचा कन्सोल होऊन बसेल, आणि ब्राउझर सगळं सुरक्षित असल्याचंच दाखवत राहील. वाइल्डकार्डची मजबुती ते जिथे ठेवलंय त्यातल्या सर्वांत कमकुवत मशीनएवढीच. २०२१ मध्ये अल्पाका नावाचा हल्ला प्रसिद्ध झाला. त्यात तर की चोरायचीही गरज नव्हती. एकच सर्टिफिकेट वेब आणि एफटीपी (फायली पाठवायची सेवा) किंवा मेल अशा वेगळ्या सेवांवर असलं की एकीकडची विनंती दुसरीकडे वळवून गोंधळ घालता येत होता. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने त्याच वर्षी ऐसपैस वाइल्डकार्ड वापरण्याबद्दल सावधगिरीचा सल्ला काढला तो यावरूनच.

आता आपोआप करायचं म्हणाल तर दुसरी किल्ली येते, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. वाइल्डकार्ड फक्त डीएनएसच्या परीक्षेने मिळतं, म्हणजे स्क्रिप्टला डीएनएस बदलायचं टोकन, म्हणजे परवानगीचा परवलीचा शब्द, द्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी हे टोकन अख्ख्या झोनचं (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींचं) असतं. ज्याच्या हाती ते लागलं तो तुमची मेल दुसरीकडे वळवू शकतो, वेबसाइट दुसरीकडे नेऊ शकतो. हे टोकन सात सर्व्हरांवर साध्या फायलीत ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कुठे ते विचारू नका.

शून्य_बॅकअप
मग टोकन न देता कसं करायचं? हाताने नको म्हणता, स्क्रिप्टला टोकन नको म्हणता!

जुनी_चावी
द्यायचं, पण बिनमहत्त्वाच्या झोनचं. _ॲक्मी-चॅलेंज.अमुक.कॉम ला एकदाच, हाताने, एक सीनेम रेकॉर्ड लावायचं, जे दुसऱ्याच एखाद्या डोमेनकडे बोट दाखवेल. त्या दुसऱ्या डोमेनवर ना मेल, ना साइट, काही नाही. तपासणारा सीनेमच्या मागे जातो आणि टीएक्सटी तिथे शोधतो. स्क्रिप्टकडे टोकन फक्त त्या रिकाम्या डोमेनचं. ॲक्मी-डीएनएस नावाचा एक छोटा सर्व्हर नेमका यासाठीच लिहिलाय, तो टीएक्सटी बदलण्यापलीकडे काही करू देत नाही.

पण यातही एक फट आहे. ते टोकन चोरणाऱ्याला तुमच्या मेलला हात लावता येणार नाही, तरी तुमच्या नावाचं सर्टिफिकेट मात्र काढता येईल. त्यासाठी अमुक.कॉमवर सीएए रेकॉर्ड लावायचं : सर्टिफिकेट फक्त लेट्स एन्क्रिप्टनेच द्यावं, आणि तेही फक्त माझ्या खात्याला. खात्याचा पत्ता त्याच रेकॉर्डमध्ये घालता येतो. वाइल्डकार्डसाठी सीएएचा वेगळा टॅग असतो, इश्यूवाइल्ड. तो लावलात तर वाइल्डकार्डच्या वेळी साध्या 'इश्यू' टॅगकडे बघितलंच जात नाही. त्यामुळे खात्याचा पत्ता दोन्हीकडे लिहा.

तपासनीस
+१ जुनी_चावी. पण मग मुळात वाइल्डकार्ड हवंच कशाला? डीएनएसची परीक्षा साध्या नावांनाही चालते. विकी.अमुक.कॉम इंटरनेटवरून दिसत नसला तरी त्याचं स्वतंत्र सर्टिफिकेट मिळतं, फक्त टीएक्सटी सार्वजनिक डीएनएसमध्ये हवं. सात सर्व्हर, सात सर्टिफिकेटं, सात वेगळ्या की. मर्यादा आठवड्याला एका डोमेनमागे ५० आहे, तुम्ही तिच्या आसपासही जात नाही.

गंमत म्हणजे अडचण उलट बाजूने आहे. सातही सर्व्हरांनी आपापलं तेच *.अमुक.कॉम मागितलं तर सहावा अडकेल. हुबेहूब त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचच वेळा मिळतं.

रात्रपाळी
स्वतंत्र सर्टिफिकेटांची एक किंमत आहे हो. प्रत्येक नाव सार्वजनिक होतं. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या वह्यांमध्ये प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद होते, आणि त्या वह्या कुणालाही चाळता येतात. सीआरटी डॉट एसएच या साइटवर आपलं डोमेन टाकून बघा एकदा. मी टाकलं तेव्हा आमच्या आधीच्या ॲडमिनचा अख्खा इतिहास समोर आला : जुना-पगार, तात्पुरता-व्हीपीएन, चाचणी-नको-हात-लावू. शेवटचं नाव वाचून कोणता चोर हात लावणार नाही?

वाइल्डकार्डमध्ये फक्त तारा दिसतो.

तपासनीस
नाव लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. खासगी आयपीवरच्या विकीचं नाव जगाला कळलं तर काय बिघडतं?

जुनी_चावी
लपवणं ही सुरक्षा नव्हे, हे मान्य. पण म्हणून घरातल्या खोल्यांची यादी फाटकावर लावायचं कारण नाही. नावावरून कुठलं सॉफ्टवेअर आहे ते कळतं, आणि पुढच्या खोट्या मेलमध्ये ते नाव वापरलं की ती मेल खरी वाटते. एवढं झालं तरी पुरे.

मी मधला मार्ग काढलाय. ज्यांची नावं साधी आहेत (गिट, विकी) त्यांना स्वतंत्र सर्टिफिकेटं. ज्यांच्या नावातूनच काहीतरी कळतं ते सगळे एका रिव्हर्स प्रॉक्सीच्या (सगळ्या विनंत्या आधी स्वतः घेऊन आतल्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या मशीनच्या) मागे, आणि वाइल्डकार्ड फक्त त्या प्रॉक्सीवर. म्हणजे की एकाच मशीनवर राहते. प्रॉक्सीपासून आतल्या सर्व्हरपर्यंतचा टप्पाही उघडा ठेवत नाही. तिथे स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट आणि प्रॉक्सीला तेवढंच ओळखायला सांगितलेलं. माणसांना ते दिसत नाही, त्यामुळे बोटांची सवय बिघडत नाही.

कनेक्शन_रिफ्यूज्ड
एक छोटी पिन. सार्वजनिक डीएनएसमध्ये विकी.अमुक.कॉम ला १९२.१६८ चा (खासगी) पत्ता दिलात तर काही राउटर ते उत्तर गिळून टाकतात. त्याला रीबाइंडिंगपासून, म्हणजे बाहेरचं नाव आतल्या पत्त्याकडे वळवण्याच्या डावापासून, संरक्षण म्हणतात. कंपनीच्या जाळ्यात चालतं, घरून व्हीपीएनवरून 'साइट सापडत नाही'. आमच्याकडे दोन दिवस व्हीपीएनला शिव्या घालून झाल्यावर कळलं. आतला डीएनएस वेगळा ठेवा, बाहेरच्या झोनमध्ये फक्त टीएक्सटी.

शून्य_बॅकअप
एवढा आटापिटा करण्यापेक्षा स्वतःचीच सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था) काढावी ना? एकदा रूट (तिचं मूळ सर्टिफिकेट) बनवलं की दहा वर्षं निश्चिंत. नावंही .लोकल ठेवता येतील.

रात्रपाळी
निश्चिंत कोण, तुम्ही की रूट? ते रूट प्रत्येक लॅपटॉपवर टाकायचं, फोनवर टाकायचं. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी बाळगतो. जावाची यादी वेगळी. प्रत्येक डॉकर कंटेनरची वेगळी. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी 'माझ्याकडे लाल येतंय'. आणि ती रूटची की कुणी उचलली तर फक्त अमुक.कॉम नाही, तुमच्या माणसांच्या मशीनवर *कुठल्याही* साइटचं सोंग घेता येतं. शेकडो मशीनं एका ठिकाणाहून हाताळणाऱ्यांना ते परवडतं. सात सर्व्हरांसाठी नको.

.लोकलला सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही, मिळणारही नाही. असल्या आतल्या नावांना सर्टिफिकेट देणं सीएंनी २०१५ मध्येच थांबवलं. २०२४ मध्ये इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने .इंटर्नल हे नाव खासगी वापरासाठी राखून ठेवलं, पण त्यालाही सार्वजनिक सीए सर्टिफिकेट देणार नाही, कारण ते नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही. खरं डोमेन हातात असताना तिकडे जायचं कारणच काय?

अर्धवट_ॲडमिन
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरतंय. पण विकत घ्यायच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. वर्षभराची शांतता मिळाली तर मी पैसे द्यायला तयार आहे.

तपासनीस
ती शांतता आता विकत मिळत नाही. सीए आणि ब्राउझरवाल्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला : सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. विकतचं असो की फुकटचं, नियम एकच. लेट्स एन्क्रिप्ट तर ९० वरून २०२८ पर्यंत ४५ वर येणार आहे. हाताने करणाऱ्याला वर्षातून आठदहा सोमवार मिळतील तुमच्यासारखे.

कुलूपही तेच. विकतच्यात कूटलेखन काही जास्त घट्ट नसतं. पैसे द्यायचेच असतील तर ज्या डीएनएसवाल्याचं टोकन एकाच रेकॉर्डपुरतं मर्यादित करता येतं त्याला द्या. आणि फुकटात लेट्स एन्क्रिप्ट एकटंच नाही. झीरोएसएसएल आहे, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस आहे, दोन्ही त्याच ॲक्मी (आपोआप सर्टिफिकेट देण्याच्या) पद्धतीने देतात. दुसऱ्याचं खातं आधीच काढून ठेवलेलं बरं.

आठवतंय का, मार्च २०२० मध्ये सीएए तपासणीतल्या एका बगमुळे लेट्स एन्क्रिप्टची तीस लाखांवर सर्टिफिकेटं सदोष ठरली होती. ती बदलून घ्यायला लोकांना जेमतेम काही दिवस मिळाले. ज्यांचं यंत्र आपोआप फिरत होतं त्यांनी एक कमांड मारली. बाकीच्यांची रात्र गेली. तेव्हा सीएए लावताना त्यात दुसऱ्या सीएचंही नाव घालून ठेवा, नाहीतर अडचणीच्या रात्री तुमचंच रेकॉर्ड तुम्हाला अडवेल.

जुनी_चावी
आता माझा स्वतःचा गाढवपणा सांगते, म्हणजे धागाकर्त्याला एकटं वाटणार नाही.

सगळं आपोआप केलं. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) रात्री चालायचा, लॉगमध्ये 'यशस्वी'. मी एक तपासणी पण लिहिली होती, डिस्कवरच्या फायलीची तारीख बघून मुदत जवळ आली तर मेल पाठवणारी. मेल कधी आली नाही. आणि एक दिवस सगळं लाल. फाइल उघडून बघते तर एक महिन्यापूर्वीची, ताजी, अजून दोन महिने शिल्लक. ब्राउझर म्हणतोय काल संपली. अर्धा तास मी ब्राउझरचा कॅशे पुसत बसले!

फाइल नवीन होती, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पोटात जुनीच होती. तो सुरू होताना सर्टिफिकेट वाचतो आणि रिलोड होईपर्यंत परत डिस्ककडे बघत नाही. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवीन सर्टिफिकेट आल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) रिलोडची एक ओळ घालायची राहिली होती. त्याआधी दर वेळी काही ना काही कारणाने सर्व्हर रीस्टार्ट होत होता, म्हणून वर्षभर चूक झाकली गेली.

तेव्हापासून तपासणी फाइलची नाही, पोर्टची. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या कमांडने ४४३ ला (एचटीटीपीएसच्या पोर्टला) जोडायचं, सर्व्हरनेम द्यायचं (ते विसरलं तर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येतं), आणि जे मिळेल त्याची 'नॉट आफ्टर' (मुदत संपायची) तारीख वाचायची. ही तपासणी सर्व्हरवर चालवायची नाही, दुसऱ्या मशीनवरून.

कनेक्शन_रिफ्यूज्ड
+१. त्याच जोडणीत साखळीही (तुमच्या सर्टिफिकेटपासून रूटपर्यंतची) बघून घ्या. सर्ट डॉट पेम (एकटं सर्टिफिकेट) लावलं आणि फुलचेन डॉट पेम (साखळीसकट) नाही लावलं तर ब्राउझर बऱ्याचदा मधलं सर्टिफिकेट स्वतः मिळवून वेळ मारून नेतो. कर्ल ही कमांड आणि मोबाईल ॲप मात्र सरळ नकार देतात. मग 'माझ्याकडे तर चालतंय' वर तासभर भांडण.

निवांत
वाचनखूण साठवली. आमच्याकडे अजून 'तरीही पुढे जा' चालू आहे.

अर्धवट_ॲडमिन
बारा दिवसांनी अपडेट देतोय.

प्रॉक्सीचं केलं. एक छोटं मशीन, त्यावर वाइल्डकार्ड, मागे पाच सर्व्हर. गिटला स्वतंत्र. सीनेम एका पडीक डोमेनकडे वळवलं, टोकन त्याचंच. सीएए लावलं, दोन्ही टॅग, खात्याच्या पत्त्यासकट, आणि दुसऱ्या सीएचंही नाव. जुनं सर्टिफिकेट रिव्होक (रद्द) केलं, कारण सात ठिकाणी फिरलेल्या त्या कीचा आता मलाच भरवसा वाटेना. स्टेजिंगवर मुद्दाम तीन वेळा रिन्यू करून रिलोड होतंय का पाहिलं. पहिल्यांदा झालं नाही :) हुकच्या फायलीला चालवायची परवानगीच दिली नव्हती.

सात वेळा कॉपी करायची गरज उरली नाही हे सर्वांत बरं झालं. आता एकच राहिलाय, प्रिंटर. त्याला प्रॉक्सीमागे टाकलं तर त्याचं स्कॅनिंगचं पान अर्धवट उघडतं, म्हणून त्याला स्वतःचं सर्टिफिकेट द्यायला गेलो. तर तो घेतच नाही, 'अवैध फाइल' म्हणतो. पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारी फाइल) करून दिलं, पासवर्ड घालून दिलं, बिनपासवर्डचं दिलं.

रात्रपाळी
की ईसीडीएसए या नव्या प्रकारची असेल. सर्टबॉट दुसऱ्या आवृत्तीपासून न विचारता तीच बनवतो आणि जुन्या यंत्रांना ती कळत नाही. की-टाइप आरएसए (जुना प्रकार) सांगून २०४८ बिटांची काढून द्या.

अर्धवट_ॲडमिन
घेतलं! पण अपलोड करायला त्याच्या पानावर लॉगिन करून चार ठिकाणी क्लिक करावं लागतं आणि मग तो स्वतः रीस्टार्ट होतो. हे आपोआप कसं करू?

जुनी_चावी
नका करू. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या वेगळ्या भागात) टाका, पान फक्त तुमच्या मशीनवरून उघडेल असं करा, आणि स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट ठेवा. ते पान तुमच्याशिवाय कोण उघडतं?

अर्धवट_ॲडमिन
साहेब. टोनर किती उरलाय ते बघायला. रोज सकाळी.

शून्य_बॅकअप
प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा, हा पुरणार नाही.